गोळी कुणी बंद केली?

बाबांच्या टेबलाच्या खणात मला गोळ्यांची एक स्ट्रिप सापडली. दहापैकी सहा गोळ्या काढलेल्या, चार तशाच. मागच्या चंदेरी कागदावर त्यांनी बॉलपेनने बारीक अक्षरात तारखा घातल्या होत्या, एकेका गोळीमागे एकेक. शेवटची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती. बाबा तेव्हा अतिदक्षता विभागात होते. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, आणि जुने कागद आणायला सांगितल्यामुळे मी तो खण उपसत होते.

त्याच्या वर्षभर आधी त्यांना एक छोटा झटका येऊन गेला होता. सही करता करता पेन हातातून गळून पडलं, बोलताना शब्द जुळेनात, आणि वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. मेंदूकडे जाणारा रक्ताचा प्रवाह थोडा वेळ अडतो आणि पुन्हा मोकळा होतो. तपासण्या झाल्या, तीन गोळ्या सुरू झाल्या. एक बीपीची, एक कोलेस्टेरॉलची आणि ॲस्पिरिन. सात महिने त्यांनी त्या न चुकता घेतल्या. मग एका तपासणीत बीपी १२४/७८ भरलं. 'आता अगदी नॉर्मल आहे,' असं कुणीसं म्हणालं. बाबा आयुष्यभर हिशेब चोख ठेवणारे. आजार संपला, खातं मिटलं, असं त्यांनी धरलं.

मोठा झटका आल्यावर ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने आईला विचारलं, 'गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?' तो चिडून बोलला नव्हता, फार दमलेला होता. पण आईने मान खाली घातली ती घातलीच. आपण लक्ष ठेवायला हवं होतं, हे तिच्या मनातून आजही जात नाही.

तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला, असं मला तेव्हाही वाटलं होतं. त्यानंतर या विषयात जेवढं वाचलं, जेवढ्यांशी बोलले, तेवढी खात्री वाढत गेली. पक्षाघात टाळणारी बहुतेक औषधं जुनी आहेत, साधी आहेत, त्यांची पेटंटं कधीच संपली आहेत. ती लागू पडतात याचा पुरावा भक्कम आहे. अडतं ते एवढ्यावरच, की ती रोज, वर्षानुवर्षं पोटात जात नाहीत. आणि ती जावीत हे पाहणं हे आरोग्यव्यवस्थेचं काम आहे, असं आपण अजून मानलेलं नाही. ते काम घरच्या माणसांच्या आठवणीवर सोडलेलं आहे.

ही औषधं नव्हती तेव्हा काय होत होतं, ते एकदा बघायला हवं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं, तेव्हा बीपी होतं १८६/१०८. जगातली सर्वोत्तम वैद्यकीय सेवा ज्याच्या दाराशी उभी, अशा माणसाला डॉक्टर काय देऊ शकत होते? विश्रांती, कमी मिठाचं जेवण, हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेसाठी फेनोबार्बिटल. १२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी डोक्याच्या मागच्या भागात भयंकर दुखतंय असं म्हणून ते कोसळले. बीपी ३००/१९० नोंदवलं गेलं आणि त्याच दिवशी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५८ मध्ये, क्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध बाजारात आलं. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली १९६७ आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी वाढलेलं बीपी गोळ्यांनी उतरवलं की पक्षाघात कमी होतात, हे दाखवून दिलं.

तरीही म्हातारपणी वरचं बीपी वाढायचंच, त्याला हात लावू नये, असं डॉक्टरच म्हणत राहिले. १९९१ मध्ये शेप नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. साठीच्या पुढची ४,७३६ माणसं, सगळ्यांचं फक्त वरचं बीपी वाढलेलं. क्लोरथॅलिडोन या क्लोरोथायझाइडच्याच जातकुळीतल्या गोळीपासून सुरुवात केली, आणि पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. दहा वर्षांनी प्रोग्रेस चाचणीत ज्यांना आधी पक्षाघात किंवा टीआयए होऊन गेला आहे अशा ६,१०५ जणांना बघितलं. ज्यांना बीपीची दोन औषधं मिळाली, त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्यांचं बीपी मुळात वाढलेलंच नव्हतं, त्यांनाही फायदा झाला.

हे शेवटचं वाक्य मी बाबांच्या आजारपणानंतर पहिल्यांदा वाचलं आणि बराच वेळ तिथेच थांबले. १२४/७८ हा आकडा गोळीने आणलेला होता. एकदा मेंदूने इशारा दिल्यावर गोळी त्या आकड्यासाठी नसते, त्या मेंदूसाठी असते. हे बाबांना कुणी सांगितलं होतं का? डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव होतं, मात्रा होती, दिवसातून किती वेळा ते होतं. कशासाठी आणि किती काळ, हे दोन रकानेच त्या कागदावर नव्हते.

'रक्त पातळ करण्याची गोळी' हा आपला शब्दही मला घातक वाटतो. रक्त पातळ होतं म्हटलं की डोळ्यांपुढे पाणी घातलेलं रक्त येतं, अशक्तपणा येतो. मग थोडं गळून गेल्यासारखं झालं, की आधी संशय या गोळीवर जातो. रक्त पातळ होतच नाही. ॲस्पिरिन रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटू देत नाही. बिंबिकेला केंद्रक नसतं, त्यामुळे ॲस्पिरिनने निकामी केलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, ती पुन्हा तयार करू शकत नाही. आठ-दहा दिवसांचं तिचं जे आयुष्य असतं, ते सगळं ती तशीच काढते. एवढीशी गोळी दिवसातून एकदा का पुरते, ते यामुळे. उलट हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना दिलं जाणारं एपिक्सॅबान दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, आणि एक-दोन वेळा चुकलं तरी संरक्षण झपाट्याने ओसरतं. कोणती गोळी चुकली तर चालून जातं आणि कोणती अजिबात चुकवायची नाही, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण ती दोन मिनिटं द्यायची कुणी, हे कुठेच ठरलेलं नसतं.

बंद करण्याची गोष्टही तशीच आहे. टीआयए किंवा सौम्य पक्षाघातानंतर सुरुवातीचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. ऑक्सफर्डमधल्या २००७च्या अभ्यासात अशा रुग्णांवर तातडीने उपचार सुरू केल्यावर नव्वद दिवसांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. २०१३च्या चीनमधल्या चान्स चाचणीत ५,१७० रुग्ण होते. पहिले एकवीस दिवस ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल हे बिंबिकांवरचंच दुसरं औषध दिलं तेव्हा पक्षाघात ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर उतरले. पण हीच जोडी महिनोन् महिने चालू ठेवली तर झटके फारसे कमी होत नाहीत, रक्तस्राव मात्र वाढतात. हेही २००४ आणि २०१२च्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलेलं आहे. म्हणजे दोनपैकी एक गोळी ठरलेल्या दिवशी थांबवायची आणि दुसरी चालू ठेवायची. बाविसाव्या दिवशी घरी फोन करणारं कुणी नसेल तर दोनपैकी एक होतं. कुणी दोन्ही वर्षभर घेत राहतो, कुणी दोन्ही सोडून देतो. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी थांबवायची ती चालू ठेवली आणि चालू ठेवायची ती थांबवली. दोन्ही गोळ्या गोल, दोन्ही लहान.

रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या वॉरफरिनची कथा तर भीतीचीच कथा आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३च्या हिवाळ्यात एक शेतकरी बर्फाच्या वादळातून दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या रक्ताचा माग काढता काढता डायकूमारॉल सापडलं, त्यातून पुढे वॉरफरिन. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला विकलं गेलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. 'उंदराचं विष आहे म्हणे ते,' असं म्हणून गोळी टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हसावंसं मला कधी वाटलं नाही. माहिती खरीच होती, फक्त अर्धी होती. हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो त्या ॲट्रियल फिब्रिलेशन या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवून घेतलेलं वॉरफरिन तो जवळपास दोन तृतीयांशाने कमी करतं, हा दुसरा अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

भीती डॉक्टरांनाही असते, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. गोळीमुळे रक्तस्राव झाला तर तो डॉक्टरच्या चिठ्ठीमुळे झाला, हे सगळ्यांना दिसतं. गोळी न दिल्यामुळे पक्षाघात झाला तर ते नशीब ठरतं. म्हणून वयस्कर रुग्णाला 'आपण ॲस्पिरिनच देऊ, सांभाळून' असं म्हणून मधला मार्ग काढला जातो. २०११च्या अव्हेरॉस चाचणीने या मधल्या मार्गाचा आधारच काढून घेतला. वॉरफरिन झेपणार नाही असं डॉक्टरांना वाटत होतं अशा साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांत ॲस्पिरिन आणि एपिक्सॅबान यांची तुलना केली. एपिक्सॅबानने पक्षाघात निम्म्याहून कमी केले, आणि मोठ्या रक्तस्रावांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे सांभाळून म्हणून दिलेली गोळी रक्तस्रावाची जोखीम तेवढीच ठेवत होती आणि संरक्षण मात्र फार कमी देत होती. नवीन ते सगळ्यांनाच चांगलं असंही नाही. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या हृदयात वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधं एपिक्सॅबानच्या जातीच्या नव्या रिव्हरॉक्सॅबानपेक्षा सरस ठरली, हे २०२२ मध्ये इन्व्हिक्टस चाचणीत दिसलं. कुणाला काय द्यायचं हे ठरवायला तज्ज्ञ लागतो, हे मान्यच. माझं म्हणणं त्यानंतरच्या दहा वर्षांबद्दल आहे.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची किंमत मी कमी करत नाही. १९९५ साली ६२४ रुग्णांवरच्या चाचणीने दाखवलं की, पहिल्या तीन तासांत आल्टेप्लेज दिलं तर तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरं असण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढते. मेंदूत गंभीर रक्तस्राव होण्याची जोखीमही ०.६ वरून ६.४ टक्क्यांवर जाते, आणि तरीही हिशेब रुग्णाच्या बाजूने लागतो. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. आता टेनेक्टेप्लेज आलं आहे. तासभर सलाइनमधून देत बसायला नको, एकाच वेळी टोचलं की झालं. रक्त अडलेल्या मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, म्हणून एकेक मिनिट मोलाचं आहे. त्या घाईत घरी ॲस्पिरिन देऊ नये आणि बीपी उतरवणारी गोळी जिभेखाली ठेवू नये, हेही याच जागी सांगते. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही, आणि त्या क्षणी एकदम उतरवलेलं बीपी उपाशी मेंदूला आणखी उपाशी ठेवतं.

बाबांना इंजेक्शन मिळालं नाही. ते झोपेतून उठले तेच लुळे पडून. झटका कधी आला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि वेळ माहीत नसलेल्या रुग्णाला ते देता येईल का हे ठरवणारी तपासणी तिथे होत नव्हती. मग आम्हीच डॉक्टरांच्या मागे लागलो, मेंदूला ताकद देणारं काहीतरी सुरू करा म्हणून. सिटिकोलिन सुरू झालं. पुढे मला समजलं की २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इक्टस या चाचणीत २,२९८ रुग्णांना ते देऊन बघितलं होतं, आणि काही उपयोग होत नाही असं दिसल्यामुळे चाचणी मध्येच थांबवली होती. माझा राग त्या औषधावर नाही. पलंगापाशी उभ्या असलेल्या घरच्यांना काहीतरी करायचं असतं. पण ज्या उत्साहाने आम्ही त्या ताकदीच्या औषधाच्या मागे धावलो, त्याच्या दहाव्या हिश्शाने कुणी आम्हाला त्या खणातल्या स्ट्रिपच्या मागे धावायला लावलं असतं, तर?

'रुग्णाची स्वतःची काही जबाबदारी नाही का?' हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. आहेच. पण ती कुणावर टाकतो आहोत तेही बघा. पक्षाघाताने ज्या अवयवाला इजा झाली, लक्षात ठेवणं हे त्याच अवयवाचं काम. पक्षाघातानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं, आणि नैराश्यात माणसाला स्वतःला जपावंसंच वाटत नाही. शिवाय ही मोजक्या बेफिकीर माणसांची गोष्ट असती, तर आकडे वेगळे दिसले असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्युअर या सतरा देशांतल्या अभ्यासात ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे अशी माणसं घरोघरी जाऊन शोधली. जेमतेम चौघांत एक जण ॲस्पिरिनसारखी गोळी घेत होता. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणारे १५ टक्क्यांच्या आतच होते. गरीब देशांत दहापैकी आठ जण यातली एकही गोळी घेत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि पाचातल्या साधारण एकाचंच बीपी आटोक्यात आहे. एवढी माणसं एकाच जागी अडखळत असतील, तर आधी रस्ता तपासायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. उगाच गोळ्यांची सवय लावू नका, असं म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. ज्यांना कधी झटका आलेला नाही अशा निरोगी वृद्धांनी रोज ॲस्पिरिन घेण्याचा फायदा नाही, रक्तस्राव मात्र वाढतो, हे २०१८ मध्ये ॲस्प्री चाचणीत १९ हजारांहून अधिक जणांवर स्पष्ट झालं. शेजाऱ्याला दिली म्हणून आपणही सुरू केलेली गोळी बंदच व्हायला हवी. पण तेही विचारणारं, गोळ्या बघणारं, नको असलेली काढून टाकणारं माणूस असल्याशिवाय होणार नाही. कमी गोळ्या हव्यात असं म्हणणाऱ्यांना आणि चालू ठेवा म्हणणाऱ्या मला एकच माणूस हवा आहे.

हॉस्पिटलची गुणवत्ता मोजताना रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत किती मिनिटं गेली, हे मोजतात. ते मोजायला लागल्यापासून ती मिनिटं कमी होत गेली. तसंच दुसरं मोजमाप सुरू करा, अशी माझी मागणी आहे. पक्षाघात होऊन घरी गेलेल्या दर शंभर रुग्णांपैकी वर्षभरानंतर किती जण ठरवून दिलेल्या गोळ्या घेत आहेत आणि कितींचं बीपी आटोक्यात आहे, हा आकडा प्रत्येक हॉस्पिटलने जाहीर करावा. तो जाहीर करावा लागला की पुढचं आपोआप सुचेल. डिस्चार्ज कार्डावर कशासाठी आणि किती काळ हे दोन रकाने येतील. पंधरा दिवसांनी फोन जाईल. बीपी वरखाली झालं तर ठरवून दिलेल्या चौकटीत गोळीची मात्रा बदलण्याचे अधिकार परिचारिकेला आणि फार्मासिस्टला मिळतील, कारण दर वेळी तज्ज्ञाची अपॉइंटमेंट मिळवणं हाच अर्ध्या लोकांचा थांबा असतो. एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील. अनेक औषधं एकाच गोळीत घालण्याची कल्पना तर निकोलस वाल्ड आणि माल्कम लॉ या संशोधकांनी २००३ मध्येच मांडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्यांना २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. वीस वर्षं लागली. हातात तीन पाकिटं असलेल्या थरथरत्या माणसाला एक पाकीट देण्याला एवढा वेळ लागायला नको होता.

बाबा आता काठी घेऊन चालतात. वाचा पुष्कळशी परत आली आहे, नावं मात्र आठवत नाहीत. गोळ्या ते स्वतःच घेतात, कुणाला काढून देऊ देत नाहीत. उजवा हात उठत नाही म्हणून स्ट्रिप टेबलावर ठेवून कोपराने दाबून धरतात आणि डाव्या हाताने तारखा घालतात. अक्षर वाकडंतिकडं येतं, पण एकही तारीख गाळलेली नसते. तपासणीला जाताना त्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स रबर लावून पिशवीत घेतात. दोन वर्षांत सहा वेळा गेलो. पिशवी दर वेळी त्यांच्या मांडीवर असते. ती उघडून दाखवा, असं त्यांना अजून एकदाही कुणी म्हटलेलं नाही.